बाईंची कात्री आणि जीपचे ब्रेक

सदर व्यक्ती बांधकाम खात्याच्या लेखा शाखेत वरिष्ठ लेखापाल या पदावर कार्यरत असून तिच्या सेवेची एकतीस वर्षे निष्कलंक आहेत. वय सत्तावन्न. विवाहित, पती चित्रकला शिक्षक. डोळ्यांवर चष्मा, बोटांवर लाल शाई. आजवर एकही देयक जसे आले तसे मंजूर केल्याची नोंद आढळत नाही. सदर व्यक्तीच्या मालकीची चव्वेचाळीस वर्षे वयाची एक जीप आहे. ती उतारावर थांबत नाही.

अगदीच थांबत नाही म्हणणं अन्यायाचं होईल. थांबते, पण स्वतःच्या सवडीनं. बाई सीटवरून अर्ध्या उठून सगळा भार ब्रेकवर टाकत, मग जीप डावीकडे नाक वळवून जरा विचार करी आणि दोन दुकानं पुढे जाऊन उभी राही. बाईंना त्याचं काही वाटत नसे. सव्वीस वर्षांपूर्वी खात्याच्या लिलावात त्यांनी ती घेतली, तेव्हा सगळ्या कचेरीनं नाकं मुरडली होती. पुढे त्याच जीपनं बाईंना खडीच्या खाणीत नेलं, नदीच्या पात्रातून पलीकडे नेलं, आणि एकदा चिखलात रुतलेली साहेबांची नवीकोरी गाडी दोर लावून बाहेर ओढली. साहेब तेव्हा आत बसलेले होते. त्या दिवसापासून कचेरीत जीपबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.

यंदा मात्र परिवहन कार्यालयाचं पत्र आलं. जुन्या वाहनांची ब्रेक-चाचणी महिनाअखेर होणार. नापास होईल ते वाहन भंगारात. बाईंनी पत्र तीनदा वाचलं. त्यात काढण्यासारखी एकही चूक नव्हती, याचाच त्यांना जास्त राग आला.

जीप मिस्त्रीकडे गेली. मिस्त्री म्हणजे बसस्टँडमागच्या गॅरेजचा मालक, साठीचा, कमी बोलणारा. त्यानं चाकं उतरवली आणि दुपारभर जीपखाली पडून राहिला. पुढच्या ब्रेकचे ड्रम घासून कागदासारखे झालेले. मागचा अ‍ॅक्सल जुन्या पद्धतीचा, प्रत्येक बाजूला दोन तुकड्यांचा. जोड सुटला की चाक एकटंच फिरायला निघून जाणार. त्यानं पाठकोऱ्या कागदावर लिहून दिलं. पुढे डिस्क ब्रेक, मागे अखंड अ‍ॅक्सल, नव्या नळ्या, ब्रेकचा नवा मुख्य पंप, मजुरी. एकूण एक लाख शहाऐंशी हजार.

इथे खात्याची एक रीत सांगितली पाहिजे. कंत्राटदार आकडा चौथाईनं फुगवून आणतात, कारण बाई चौथाई कापतात. आणि बाई चौथाई कापतात, कारण कंत्राटदार फुगवून आणतात. सुरुवात कोणी केली हे आता कोणालाच आठवत नाही, पण पूल उभे राहतात, रस्ते होतात, आणि संध्याकाळी सगळे आपापल्या घरी जातात. बाईंना मागे ‘कात्री’ आणि समोर ‘मॅडम’ म्हणतात. दोन्ही हाका आदरानंच मारल्या जातात.

तर बाईंनी घरी जेवणाच्या टेबलावर रीतसर फाइल उघडली. अर्जदार स्वतः, मंजुरी देणार स्वतः, हरकती घेणार त्याही स्वतःच. मुखपृष्ठावर नवऱ्यानं जीपचं चित्र काढून दिलं. त्यातली जीप डोंगर चढत होती. आत बाईंनी लाल शाईनं लिहिलं, ‘जुना पंप चालू स्थितीत असताना नव्याचे प्रयोजन काय?’ पंपाचे अडतीस हजार गेले. मजुरीतले आठ गेले. हिशेबानं आणखी पाचशे कापायला हवे होते, ते त्यांनी सौजन्य म्हणून सोडले. राहिले एक लाख चाळीस. वाचलेल्या शेहेचाळीस हजारांत जीपला मूळचा हिरवा रंग द्यायचा, असंही त्यांनी ठरवून टाकलं.

मिस्त्रीनं फाइल वाचली. पंप लागेल, ताई, एवढंच म्हणाला. हे वाक्य बाई एकतीस वर्षं ऐकत होत्या. कधी सिमेंट लागे, कधी सळई. त्यांनी मान हलवली.

“थांबायला थांबेल,” मिस्त्री म्हणाला. “सुटायचं मी सांगू शकत नाही.”

चाचणीला आठ दिवस असताना जीप तयार झाली. पहिल्याच चौकात बाईंनी ब्रेक दाबला आणि जीप जागच्या जागी, नाकासमोर, सरळ उभी राहिली. बाई बसल्या जागी ताठ झाल्या. दुसऱ्या चौकातही तेच. तिसऱ्या चौकानंतर गाडी जड वाटू लागली, चौथ्यानंतर पुढच्या चाकांतून जळका वास आला, आणि कचेरीसमोरच्या उतारावर जीपनं चक्क बैठक मारली. इतकी वर्षं जी उतारावर थांबत नव्हती, ती आता उतारावरून हलेना.

मागे गाड्यांची रांग लागली. त्यातल्या एकीतून एक कंत्राटदार उतरला. त्याची अकरा देयकं बाईंनी कापली होती. त्यानं वाकून चाक बघितलं आणि अत्यंत नम्रपणे विचारलं, “मॅडम, पुढची मंजुरी अडली का?”

मिस्त्री पान्यांची पिशवी घेऊन चालत आला. चाकं सोडवता सोडवता त्यानं समजावलं. जुना पंप ड्रमसाठीचा. पाय काढला तरी तो नळीत थोडा दाब धरून ठेवतो. ड्रमला ते चालतं. डिस्क मात्र धरलेलं सोडत नाही.

“मग जोर देऊन का नाही सांगितलंत?” बाई म्हणाल्या.

“सांगितलं होतं की.”

“एकदाच. आणि आकडा थोडा वाढवून तरी लिहायचा होतात. मी कापणार हे ठाऊक नव्हतं का तुम्हाला?”

मिस्त्रीनं हात पुसले. “ताई, मला तसं लिहिता येत नाही. जेवढं लागतं तेवढंच लिहितो.”

एवढ्या वर्षांत बाईंच्या टेबलावर हजारो आकडे आले होते आणि खरा आकडा पहिल्यांदाच आला होता. त्यांनी तोही कापला होता. कात्रीचा त्यांना अभिमान होता, आणि तो गैरही नव्हता. पण ती कुठे चालवायची नाही, हे शिकायची वेळ आजवर कोणी आणलीच नव्हती.

घरी येऊन त्यांनी रंगाची तरतूद रद्द केली आणि फाइलवर लिहिलं, ‘मंजूर. पूर्ण.’ नवरा खांद्यावरून वाचत होता. त्यानं विचारलं, “फ्रेम करून आणू का?” बाईंनी त्याला मजुरीचे आठ हजार मोजायला बसवलं.

चाचणी परिवहन कार्यालयामागच्या मैदानात होती. चाळीसच्या वेगानं यायचं, खुणेच्या खांबाशी ब्रेक दाबायचा, पांढऱ्या रेषेच्या आत थांबायचं. बाईंच्या आधी आलेली दोन वाहनं, दोन्ही जीपपेक्षा वयानं लहान, रेषा ओलांडून पार कुंपणापर्यंत गेली. मग पोपडे निघालेली, ठिकठिकाणी तीन रंग दाखवणारी जीप आली. निरीक्षकानं खबरदारी म्हणून दोन पावलं मागे घेतली.

जीप थांबली. सरळ, नाक न वळवता. बाईंनी पाय काढला, तशी ती अलगद सुटली. निरीक्षकाचा विश्वास बसेना. त्यानं पुन्हा करून दाखवायला सांगितलं. बाईंनी पुन्हा करून दाखवलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर निवृत्तीच्या समारंभातसुद्धा कोणाला दिसणार नाही असं काहीतरी दिसलं.

काम कोणाचं, असं निरीक्षकानं विचारलं. मिस्त्री धुतलेला शर्ट घालून कुंपणाशी उभा होता, आपला काही संबंध नसल्यासारखा. बाईंनी त्याला हाक मारून पुढे बोलावलं.

“हे मिस्त्री,” त्या म्हणाल्या. “यांचा आकडा कापायचा नसतो.”

मिस्त्रीनं मान खाली घातली, पण कान लाल झालेले दिसलेच. निरीक्षकानं पाच वर्षांचं प्रमाणपत्र लिहिलं. शेरा : वाहन जुने, ब्रेक समाधानकारक.

जीप आणि पांढरी रेषा यांच्यात चार फूट अंतर होतं. मिस्त्रीनं ते टेपनं दोनदा मोजलं.