माणूस बघून सूर लिहिणारे अण्णा

आधी कबुली देतो. अण्णांच्या अमृतमहोत्सवी ग्रंथासाठी लेख देतो म्हणून समितीला शब्द दिला, त्याला आता बरेच महिने झाले. एकदा लिहायला बसलो तर मित्राचा फोन आला, चिकोडीकडं जत्रा आहे, येतोस का. गेलो. परत आलो तर लिहिलेल्या चार ओळींचा कागद सापडेना. शेवटी काल समितीच्या चिटणीसबाई फोनवर म्हणाल्या, "उद्या लेख आला नाही तर तुझा नुसता फोटो छापते आणि खाली लिहिते, हे लेखक." म्हणून आज रविवारी, सांगलीतल्या ज्या शाळेच्या हॉलमध्ये आमच्या तालमी चालतात, त्या हॉलच्या पायरीवर बसून लिहितो आहे. वादक अजून जमताहेत. आत कुणीतरी व्हायोलिन जुळवतंय आणि ते जुळत नाहीये.

श्री. रघुनाथराव तोडकर, म्हणजे आम्हा वादकांचे अण्णा, हे काय करतात, असं मला पुष्कळ जण विचारतात. गाण्याची चाल एकाची असते, शब्द दुसऱ्याचे, गळा तिसऱ्याचा. पण त्या गाण्यात व्हायोलिननं कुठं शिरायचं, ट्रंपेटनं कुठं गप्प राहायचं, ढोलकी कधी उचलायची, हे ठरवणारा चौथा माणूस असतो. त्याला संयोजक म्हणतात. अण्णांनी उभं आयुष्य हे काम केलं. कुणाची नोकरी केली नाही. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतल्या ऑर्केस्ट्रा पार्ट्या, लग्नाचे बँड, नाटकं, शाळांची संमेलनं, साखर कारखान्यांचे वर्धापनदिन, खताच्या जाहिराती, जे आलं ते त्यांनी सारखंच मन लावून बांधलं. निम्मं लेखन एसटीत मांडीवर पाटी ठेवून केलं. त्यामुळे त्यांच्या हस्ताक्षरात खड्डे दिसतात, असं आम्ही म्हणतो. अण्णांनाही ते मान्य आहे.

माझी आणि त्यांची पहिली भेट तासगावला बेदाण्याच्या शेडमध्ये झाली. कॉलेज अर्धवट सोडून मी तेव्हा हंगामापुरता तिथं कामाला होतो. माझ्या शेजारी दस्तगीर तांबोळी नावाचा माणूस होता. दिवसा तो द्राक्षं द्रावणात बुडवायचा आणि लग्नसराईत बेंजो वाजवायचा. एका दुपारी पांढऱ्या शर्टातले, धोतरासारखी ढगळ पँट घातलेले एक गृहस्थ आले आणि रिकाम्या क्रेटवर बसले. दस्तगीरला म्हणाले, "हात बघू." दस्तगीरनं पंजे पुढं केले. द्रावणानं बोटांची सालं निघाली होती. त्यांनी डोळ्यांपाशी नेऊन बोटं पाहिली आणि म्हणाले, "मग मिरवणुकीच्या मार्चात तुला पळवायचा न्हाई. सावकाश चाल देतो."

मी विचारलं, "बेंजो न ऐकताच जाताय?"

"बेंजो काय, सगळ्यांचा सारखाच असतो की," अण्णा म्हणाले. "बोटं सारखी नसत्यात."

जाता जाता त्यांनी मला विचारलं, तू काय वाजवतोस. थोडं कीबोर्ड येतं, असं म्हणालो. ते 'थोडं' किती थोडं होतं, हे त्यांना पुढच्या आठवड्यात कळलंच. तरी त्यांनी मला ठेवून घेतलं.

ही त्यांची कामाची रीत आहे आणि ती मी दुसऱ्या कुणाची पाहिलेली नाही. अण्णा वाद्यासाठी लिहीत नाहीत, माणसासाठी लिहितात. कुणाला एक ओळ लिहून द्यायची तर आधी त्याच्या घरी जातात, चहा घेतात, त्याला बोलू देतात. फुंकून वाजवणारा असेल तर बोलताना तो श्वास कुठं घेतो ते ऐकतात. पलटणीतून निवृत्त झालेल्या बँडवाल्यांना रेघांवरच्या ठिपक्यांची लिपी येते, त्यांना ती देतात. हार्मोनियमवाल्यांना सा रे ग म लिहून देतात. ज्यांना काहीच वाचता येत नाही त्यांना समोर बसवून गाऊन दाखवतात. एकाच गाण्याचे कागद असे तीन तऱ्हांचे असतात आणि तिन्ही अण्णांच्याच हातचे.

मी मध्येच निघून जातो, हे त्यांना पहिल्या वर्षीच कळलं. एकदा चालू हंगामात गोकर्णला गेलो आणि तिथंच रमलो. तिथं समुद्रावर एक जण तुटक्या बादलीवर असा ताल धरायचा की, असो, ते नंतर कधीतरी. परत आलो तेव्हा वाटलं, आता अण्णा दारातूनच परत पाठवणार. अण्णांनी एवढंच विचारलं, "तिकडची माणसं ताल कुठल्या हातानं धरत्यात रं?" मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि माझा कागद माझ्या हातात दिला. पुढं माझ्या ध्यानात आलं, माझा भाग ते कायम असा लिहितात की मी मध्येच उठून गेलो तरी गाणं पडत नाही. असलो तर शोभा, नसलो तर तोटा नाही. रागवायचंच असतं तर त्यांना कारण होतं. त्यांनी त्याऐवजी मला जाता येईल अशी जागा करून ठेवली.

आता सुभेदारांविषयी सांगायला हवं, कारण त्यांच्याशिवाय अण्णांवरचा लेख पुरा होत नाही.

सुभेदार मारुती भोईटे हे कोरेगावचे. पलटणीच्या बँडमध्ये युफोनियम वाजवायचे. युफोनियम म्हणजे मांडीवर घेऊन फुंकायचं मोठ्या पोटाचं पितळी वाद्य. त्याचा आवाज रेड्याच्या हुंकारासारखा खोल आणि मऊ. निवृत्तीनंतर त्यांनी गावी लग्नाचा बँड काढला आणि अण्णा त्या बँडसाठी लिहू लागले.

त्यांची खरी दोस्ती एका चुकीतून झाली. कोरेगावजवळच्या एका गावातलं लग्न. गाव असं की घराआड एक पेन्शनर फौजी. अण्णांनी नवऱ्यामुलाच्या मिरवणुकीसाठी ट्रंपेटची नवी झोकदार ओळ लिहिली होती. मिरवणूक मांडवाच्या दारात आली, ट्रंपेटनं ती ओळ घेतली आणि मांडवातले सगळे म्हातारे एकदम उठले. अण्णांना वाटलं, नवरदेवाला मान दिला. पण म्हातारे नवऱ्याकडं ढुंकूनही न बघता मागच्या अंगाला गेले आणि ओळीनं पंगतीला बसले. ती ओळ चढत चढत पलटणीतल्या जेवणाच्या बिगुलावर जाऊन पोचली होती! तिकडं भात चुलीवर, इकडं अक्षतांना माणूस नाही. आचारी पळी घेऊन बाहेर आला, "आवं, कुणी बसवलं ह्यास्नी?"

"बिगुल झाला न्हवं?" पंगतीतले एक आजोबा म्हणाले. "बिगुल झाला की बसायचं. मागनं बसंल त्याला आमटी गार."

मुलीचे वडील बँडवाल्यांवर धावून गेले. अण्णा मध्ये उभे राहिले. म्हणाले, "ह्या पोरांना बोलू नका. त्यांनी लिहिलं तसं वाजवलं. लिहिणारा मी." मग पंगतीपुढं जाऊन त्यांनी सगळ्या म्हाताऱ्यांना हात जोडले आणि पुन्हा मांडवात आणलं. लग्न लागल्यावर स्वतः कमरेला पंचा बांधून भात वाढला. सुभेदार हसून हसून खाली बसले होते. तेव्हापासून ट्रंपेटची कुठलीही ओळ अण्णा आधी सुभेदारांना ऐकवत. विचारत, "सुभेदार, ह्यात कुठला हुकूम तर न्हाई?" आणि सुभेदार डोळे मिटून ऐकत आणि सांगत, "वाजवा. कुणी उठत न्हाई."

अशी वर्षं गेली. दुसऱ्यांच्या चाली सजवता सजवता अण्णा पंच्याहत्तरीला आले. तेव्हा आम्ही वादकांनी गळ घातली की सत्काराच्या दिवशी शाल, श्रीफळ, भाषणं असू देत, पण अण्णांनी स्वतःची म्हणून एक मोठी रचना करावी आणि ती आपण सगळ्यांनी वाजवावी. अण्णांनी बरेच आढेवेढे घेतले आणि मग लिहायला बसले. लिहिलं तेही रीतीप्रमाणे, एकेका माणसाला डोळ्यांपुढं ठेवून. तासगावचा दस्तगीर, आष्ट्याचे क्लॅरिनेटवाले, सांगलीच्या व्हायोलिनच्या मुली. आणि सगळ्यांच्या खाली पायाच्या दगडासारखे सुभेदार. रचना सुरूच होते त्यांच्या एकट्याच्या सुरानं. तो सूर असेल तर वरचं सगळं उभं राहतं. नसेल तर एकही ओळ कशावर टेकत नाही. मी नसलो तर चालेल असं लिहिणाऱ्या अण्णांनी सुभेदारांचा भाग असा लिहिला होता.

कागद तयार झाले आणि मग कळलं, सुभेदारांचे दात काढले. कवळी बसवली. फुंकणाऱ्या माणसाचं निम्मं वाद्य त्याच्या दातांत असतं. मी अण्णांना मोटारसायकलवर बसवून कोरेगावला घेऊन गेलो. सुभेदार अंगणात बसले होते, तोंडावर पंचा धरून.

"ओठ दुसऱ्याचं बसवल्यागत वाटत्यात, अण्णा," ते म्हणाले. "तुमी दुसरा माणूस बघा."

"आधी वाजवा तर खरं," अण्णा म्हणाले.

सुभेदारांनी वाद्य घेतलं. वरचे सूर फाटले, मधले आलेच नाहीत. खालचे चार सूर मात्र जुन्यासारखेच आले, मऊ आणि भरलेले. आत काकू, म्हणजे सुभेदारांच्या पत्नी हौसाबाई, भांडी जरा जास्तच जोरात घासत होत्या.

सांगलीला आल्यावर अण्णांनी सगळी रचना मोडली. ते चार सूर जिथं येतात तिथं सगळ्यांना आणून बसवलं. व्हायोलिनं खाली आणली, क्लॅरिनेटची वाट बदलली, माझेही कागद पुन्हा लिहिले. समितीतल्या एका सभासदांनी सुचवलं, एवढा खटाटोप कशाला, कीबोर्डवर युफोनियमचा आवाज आहेच की, बटण दाबलं की झालं. अण्णा माझ्याकडं बघून म्हणाले, "आवाज हाय. सुभेदार कुठल्या बटणात हायत ते तेवढं दाखव गड्या."

नवे कागद घेऊन आम्ही पुन्हा कोरेगावला गेलो. सुभेदारांनी चष्मा लावून पहिलं पान वाचलं. त्यांना लगेच कळलं. पान खाली ठेवलं आणि म्हणाले, "ही मेहरबानी हाय. बिनदाताच्या माणसाला पेज वाढल्यागत."

"मेहरबानी असती तर सोपं लिहिलं असतं," अण्णा म्हणाले. "दुसरं पान बघा. एक सूर किती लांब धरायचाय ते बघा. हितं कुणाचाबी दम टिकणार न्हाई. तुमचा टिकंल का न्हाई, मलाबी ठावं न्हाई."

सुभेदारांनी दुसरं पान उचललं. आम्ही उठलो. दारापर्यंत काकू आल्या आणि हळू आवाजात अण्णांना म्हणाल्या, "मास्तर, रागवू नगा. पर आता तुमी येऊ नगा. तुमी येऊन गेलं की दोन-दोन दिस ह्ये जेवत न्हाईत. लय झालं आता फुकनं."

परतीच्या वाटेवर अण्णा मोटारसायकलवर मागून म्हणाले, "काकू म्हणत्यात ते बरोबर हाय. आता आपण जायाचं न्हाई." आम्ही गेलो नाही. कोरेगावहूनही काही निरोप आला नाही. सत्कार तोंडावर आला आहे. दर रविवारी तालमीच्या सुरुवातीला अण्णा हात वर करतात, सुभेदारांच्या लांब सुराएवढा वेळ नुसते थांबतात आणि मग आम्हाला खूण करतात. सुभेदार आले नाहीत तर सत्काराला काय करायचं, असं मी विचारलं. म्हणाले, "वाजवायचं न्हाई. भाषणं तर हायतच." हे ते कडवटपणानं म्हणाले नाहीत. अण्णा एकूण समाधानी माणूस आहेत. हातून झालं ते त्यांना पुरतं. पण आयुष्यात एकदा स्वतःचं म्हणून काही लिहिलं आणि ते कागदावरच राहणार, ही गोष्ट आम्हा वादकांना मात्र सोसत नाही.

लेख आवरता घ्यायला हवा. आत व्हायोलिन जुळलं. माझ्यासारख्या कुठंच न टिकणाऱ्या माणसाला एका ठिकाणी परत यावंसं वाटतं, ते अण्णांमुळं. त्यांच्या गुडघ्यांना एसटीच्या पायऱ्या चढायचं बळ राहो. कान आहेत तसेच तिखट राहोत. चहा पाजणारी घरं वाटेवर भरपूर मिळोत. शंभरीच्या ग्रंथासाठी मला लेख मागितलाच, तर तो मी वेळेवर देईन, असं खोटं मी इथं लिहीत नाही. पण ज्यांच्याबद्दल लिहायचं ते अण्णा तेव्हा याच हॉलमध्ये हात वर करून उभे असोत, एवढंच मागणं.

एवढ्यात शाळेच्या फाटकाशी रिक्षा थांबली आहे. म्हणून सही करून मिटलेला लेख पुन्हा उघडून या ओळी घालतो आहे. रिक्षातून भोईटे काकू उतरल्या. एकट्या. कडेवर लेकरू घ्यावं तसं वाकळेत गुंडाळलेलं युफोनियम. अण्णा आतून अनवाणी बाहेर आले. काकूंनी पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "मास्तर, म्हातारं कोपऱ्यावर उभं हाय. पुढं जाऊन बघून ये म्हणालं, माझ्या जाग्यावर कोण बसलंय का?"