ताणलेली चादर

मावशींचं सगळं आयुष्य दुसऱ्यांची अंथरुणं घालण्यात गेलं. इस्पितळात बायकांच्या वॉर्डात एकतीस वर्षं आया होत्या त्या. चादर अशी ताणायच्या, की सुरकुती दाखवणाऱ्याला चहा पाजीन म्हणायच्या, आणि तो चहा कधी कुणाच्या नशिबी आला नाही. पेशंटचं सामान खाटेखाली, उशाकडे, पार भिंतीला टेकवून. फरशी पुसायला मोकळी राहिली पाहिजे ना! डॉक्टर आले नि गेले, मावशींची शिस्त काही ढळली नाही.

तर अशा बाईला लेकीने परदेशात नेलं. लेकीचं चार दिवसांचं ऑफिसचं काम होतं. "चल आई, तुलाही तेवढाच बदल," म्हणाली. हॉटेल साधंच. लेक नि तिची मैत्रीण दुसऱ्या मजल्यावर, मावशी तिसऱ्यावर एकट्या. जन्मात पहिल्यांदा त्यांना स्वतःची अशी खोली मिळाली, तीही प्लॅस्टिकच्या कार्डाने उघडणारी. पण हात गप्प बसतील तर शपथ. पहाटे उठून अंथरूण ताणलं, बेसिन कोरडं केलं, कचरासुद्धा स्वतः खाली नेऊन टाकला. दोन्ही दिवस हेच.

दुसऱ्या दिवशी बागेत चक्कर मारून दुपारी परतल्या, तर कार्ड लागेना. पदराने पुसून लावलं, उलटं लावलं, समजूत घातल्यासारखं हळूच लावलं. शेवटी दार उघडलं ते आतून, खांद्यावर टॉवेल टाकलेल्या एका टकल्या गृहस्थाने. मावशींनी त्याच्या आडून डोकावून पाहिलं. पडदा तोच, खुर्ची तीच, टेबलावर मात्र त्याचा चष्मा. तो त्याच्या भाषेत काहीतरी बोलला आणि त्याने दार लावून घेतलं.

मजला चुकला असेल, म्हणून मावशी वर गेल्या. कार्डावर आकडा नव्हता, दारावरचा त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. तिथेही तसंच दार, तसाच गालिचा. खाली गेल्या, तिथेही तेच. मेल्यांनी सगळे मजले एकाच साच्यातून काढलेले. परत तिसऱ्यावर आल्या. दारासमोर आग विझवायचं लाल नळकांडं होतं, हे त्यांना पक्कं आठवत होतं. की वरच्या मजल्यावर पाहिलं होतं ते? आता काही सांगता येईना.

त्या जिन्यावरच बसल्या. त्यांची आई शेवटची चार वर्षं शेजारच्या घरात शिरून "माझं ताट वाढा" म्हणायची. तिची सुरुवातही अशीच झाली होती, दार चुकण्यापासून. वॉर्डात डॉक्टर म्हाताऱ्यांना विचारायचे तेच मावशींनी स्वतःला विचारलं. वार कोणता? बुधवार. की गुरुवार? लेकीचा वाढदिवस? आठवला. हे शहर कोणतं? ते नाव त्यांना पहिल्या दिवशीही उच्चारता आलं नव्हतं, त्यामुळे तो प्रश्न बाद.

त्यांनी लेकीला फोन लावला. "माझी खोली सापडत नाही गं."

 पलीकडून लेक अगदी हळू म्हणाली, "आई, तू आहेस तिथेच बसून राहा हं. अजिबात हलू नकोस."

अर्ध्या तासात लेक आली. मावशींचा हात धरून तिने त्यांना काउंटरवर नेलं. तिथल्या माणसाने वही पाहिली, मान हलवली. लेकीने त्याचं म्हणणं सांगितलं. "तो म्हणतो, त्या खोलीत कुणी उतरलंच नाही. साफसफाईवालीने दोन्ही दिवस 'रिकामी' लिहिलंय, म्हणून आज ती दुसऱ्याला दिली. आई, तुझी बॅग कुठे आहे?"

"खाटेखाली. उशाकडे, भिंतीला लागून."

"नक्की?"

मावशींना "नक्की" म्हणवेना. सगळे वर गेले. टकल्या गृहस्थाने दार उघडलं, लेक गुडघ्यांवर बसली, खाटेखाली हात घातला आणि मावशींची निळी बॅग ओढून काढली. वर घडी केलेला पंचा, ठेवला होता तसाच.

मावशींनी खाटेकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. वॉर्डात चादर ताणली, म्हणजे पेशंट घरी गेला किंवा देवाघरी. पाहिजे तो नवा पेशंट घ्या. दोन दिवस त्या स्वतःच्याच हाताने स्वतःची खाट रिकामी करत होत्या.

काउंटरवाल्याने माफी मागून शेजारची खोली दिली. तिथे लेकीला हसू फुटलं, ते थांबेचना. मावशी हसल्या नाहीत.

"फोनवर माझ्याशी कशी बोललीस गं?"

"कशी म्हणजे?"

"मी तुझ्या आजीशी बोलायचे तशी."

लेकीचं हसू गेलं. ती आईच्या शेजारी बसली. "घाबरले होते मी, आई."

"मीही," मावशी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेक बोलवायला आली. पांघरूण अर्धं खाली लोंबत होतं, उशीला डोक्याचा खळगा तसाच होता. सवयीने लेकच चादर ओढायला वाकली.

मावशींनी तिचा हात धरला. "राहू दे," म्हणाल्या. "मी आहे अजून."