ओवीचा बारीक ताप

सुप्रियाने पिशवी माझ्या टेबलावर उलटी केली. सिरपच्या बाटल्या गडगडत बाहेर आल्या. काही रिकाम्या, काही अर्ध्या.

"एवडं सगळं पाजलं मॅडम," ती म्हणाली, "तरी पोरीचं अंग गरमच."

पोर तिच्या मांडीवर होती. ओवी, पावणेदोन वर्षांची. कपाळाला तीट, डोळ्यांत काजळ. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि हिच्या अंगात लोकरीचा स्वेटर, डोक्याला टोपडं. माझ्याकडे ती अशी बघत होती, जणू चूक माझीच.

मी कर्जतला लहान मुलांची डॉक्टर आहे. सुप्रिया खालापूरच्या बाजूच्या गावातली, नवरा-बायको दोघं साजगावच्या एका कारखान्यात कामाला. गावातले, मग खोपोलीतले डॉक्टर करून झाले की मंडळी माझ्याकडे येतात. तोवर मूल दमलेलं असतं, आई त्याहून दमलेली, आणि माझ्याकडून चमत्काराची अपेक्षा असते. मी सुरुवात स्वेटर काढण्यापासून करते, त्यामुळे लोकांची जरा निराशा होते.

"घरी थर्मामीटर आहे?"

"नाय. हात लावला की कळतंय ना."

हाताला ताप कळतो, आकडा कळत नाही. भाकऱ्या थापून उठलेल्या हाताला मूल गार लागतं आणि भांडी घासून आलेल्या हाताला तेच मूल गरम लागतं. शिवाय स्वेटरात कोंबलेलं मूल तापतंच. मी ओवीला पातळ झबल्यात थोडा वेळ खेळू दिलं आणि मग काखेत थर्मामीटर लावला. शंभरच्या किंचित वर. बारीक ताप, पण खरा.

अशा तापाला आम्ही डॉक्टर लोक फार घाबरत नाही. मूल पाणी पितंय, लघवी करतंय, मधूनमधून हसतंय, तर दोन-तीन दिवस वाट बघायला हरकत नसते. मूल मान टाकत असेल, धापा टाकत असेल, झटका आला असेल, दूध-पाणी सोडलं असेल किंवा ते तीन महिन्यांच्या आतलं असेल, तर मात्र वाट बघायची नाही, उचलायचं आणि दवाखाना गाठायचा. ओवीला यातलं काही नव्हतं. पण तिचा ताप दोन-तीन दिवसांचाही नव्हता. सुप्रियाला विचारलं तर ती म्हणाली, गावची जत्रा झाली तेव्हापासून. म्हणजे महिना उलटून गेला होता.

"सासरे म्हनतात दाताचा हाय. शेजारीन म्हनली नजर लागली. दोनी केलं मॅडम, दातावर मध चोळला, मीठ-मोहरी ओवाळली."

दृष्ट काढल्याने मुलाचं काही बिघडत नाही, म्हणून मी त्यावर कधी भांडत नाही. पण दातांमुळे महिनाभर ताप येत नाही. मी कान बघितले, घसा बघितला, छाती ऐकली, पोट दाबून पाहिलं. मानेला बारीक गाठी लागल्या, पण तेवढ्या निम्म्या मुलांना असतात. मला खटकलं ते वजन. मूल खातं-पितं म्हणे, पण काटा वाढायला तयार नव्हता.

मी सगळी सिरपं बंद केली. त्यांतली बहुतेक अँटिबायोटिक्स होती, आणि आजार माहीत नसताना अँटिबायोटिक देणं म्हणजे अंधारात दगड मारणं. रक्त तपासायला पाठवलं. लघवीही तपासायला सांगितली, कारण लहान मुलींना लघवीच्या जागी इन्फेक्शन झालं तर कधीकधी तापाशिवाय दुसरं काहीच दिसत नाही. पावणेदोन वर्षांच्या मुलीची लघवी स्वच्छ बाटलीत पकडणं हे काम माझ्या डॉक्टरकीपेक्षा अवघड आहे. सुप्रियाने अर्धी सकाळ पोरीमागे बाटली घेऊन घालवली आणि जमवलं.

पुढच्या खेपेला लघवीचा रिपोर्ट साफ. मलेरिया नाही, टायफॉइड नाही. माझ्या सांगण्यावरून विकत घेतलेल्या थर्मामीटरवर ताप मात्र रोज संध्याकाळी चढतच होता. मी ठरलेला प्रश्न विचारला.

"घरात कुणाला जुना खोकला आहे?"

"नाय मॅडम. सगळी ठनठनीत."

मी पेन हातात घेऊन विचार करत बसले. ओवी आता मला सरावली होती. ती खाली उतरली, स्टुलाला धरून उभी राहिली, एक हात छातीवर ठेवला, कमरेत वाकली आणि मोठ्या माणसासारखी खोकली. खोटं खोटं, पण चांगलं लांबलचक. मग खाकरली, छाती चोळली आणि म्हणाली, "पानी."

सुप्रिया खळखळून हसली. "आज्याची नक्कल करतीय. दिसभर हेच."

मी हसले नाही. पेन खाली ठेवलं.

"सुप्रिया, आत्ता म्हणालीस घरात कुणाला खोकला नाही."

"तो खोकला नाय ओ. ती गिरन हाय."

मला उलगडायला जरा वेळ लागला. तिचे सासरे, बाळाराम, जन्मभर भाताच्या गिरणीत राबलेले. गिरणीत तूस उडतं, कोंडा उडतो, तिथली सगळी माणसं खोकतात. त्यांच्या घरी ह्याला खोकला म्हणतच नाहीत. सुताराच्या हाताला घट्टे असतात तशी गिरणीवाल्याची छाती असते, त्याचं दुखणं म्हणून कोण सांगणार? सुप्रिया माझ्याशी खोटं बोलली नव्हती. मी विचारलं होतं त्याचं तिनं खरं उत्तर दिलं होतं.

"ओवी दिवसभर कुणाकडे असते?"

"त्यांच्याकडंच. सासू नाय मला. खायला तेच घालतात, निजायला त्यांच्याच कुशीत."

दुसऱ्या दिवशी मी म्हाताऱ्यांना बोलावून घेतलं. धोतर, स्वच्छ टोपी, गळ्यात टॉवेल. नात कडेवर.

"माजं काय बघताव? पोरीला बघा. मला गिरन हाय."

"गिरणीतलं काम कधी सोडलंत, आजोबा?"

"ही झाली तवा. हिला कोन बघनार?"

"मग तेव्हापासून खोकला कमी झाला की वाढला?"

त्यांनी नातीला दुसऱ्या कडेवर घेतलं. तूस बंद होऊन दोन वर्षं होत आली होती आणि खोकला वाढला होता. टोपीखालचा चेहरा ओढलेला होता. टॉवेलच्या टोकाने त्यांनी ओवीचं नाक पुसलं आणि विचारलं, "माज्यामुळं हाय का हिला काय?"

"तपासल्याशिवाय मी बोलत नाही," मी म्हणाले. पण मला वाटत होतं तेच निघालं. त्यांच्या थुंकीत टीबीचे जंतू सापडले. ओवीच्या हातावर टोचून केलेली टेस्ट लाल होऊन फुगली, एक्स-रेत छातीतल्या गाठी सुजलेल्या दिसल्या. लहान मुलं थुंकी बाहेर टाकत नाहीत, गिळतात. म्हणून सरकारी दवाखान्यात सकाळी उपाशीपोटी नळी घालून पोटातलं पाणी काढतात आणि ते तपासतात. तेही झालं, ओवीलाही टीबीच होता. आई-बापांची तपासणी केली, ते दोघं सुटले. आजोबा आणि नात, दोघांची औषधं एकाच दिवशी सुरू झाली.

इथे केस संपायला हवी होती. टीबी पूर्ण बरा होतो, औषध सरकारकडून मिळतं. पण काही दिवसांनी सुप्रिया आली ती रडतच.

"घेतच नाय मॅडम. गोळी पान्यात विरघळवून दिली का थुंकती. जेवन बी थुंकती. दारात बसून आज्याला हाका मारती."

"आजोबा कुठे गेले?"

आजोबा खळ्यातल्या खोपीत राहायला गेले होते. कुणी सांगितलं नव्हतं. रिपोर्ट कळला त्या संध्याकाळी आपली वळकटी, ताट-तांब्या घेऊन ते बाहेर पडले. त्यांच्या मुलाने ताट तिकडेच पोचवायची सोय केली आणि भांडी वेगळी घासायला लावली. ओवी दिसली की म्हातारा पाठ फिरवायचा.

मी ओवीला काट्यावर ठेवलं. वजन आणखी उतरलं होतं. औषध पोटात गेलं नाही तर बारीक तापाचं पुढे काय होतं, ते मी पाहिलेलं आहे. टीबी मेंदूपर्यंत जातो. मला भीती वाटली आणि भीती वाटली की मी चिडते. मी तिथूनच सुप्रियाच्या नवऱ्याला फोन लावला.

"टीबी ताटातून पसरत नाही. खोकल्यातून, हवेतून पसरतो. ती भांडी एकत्र घासा. आणि पुढच्या तपासणीला वडिलांना माझ्याकडे घेऊन या."

सुरुवातीचे काही आठवडे लांब राहणं बरोबरच होतं, तेवढं मी सांगितलं. तोवर गोळीत थोडी साखर घाला, पुन्हापुन्हा द्या, ओकली तर मला कळवा. सुप्रियाने ते कसंबसं रेटलं.

बाळाराम आले तेव्हा त्यांची थुंकी साफ आली होती. खोकला निम्म्यावर होता. एकही गोळी चुकवली नव्हती. तरी ते केबिनच्या दाराबाहेरच उभे राहिले, तोंडावर टॉवेल दाबून. आत सुप्रियाच्या मांडीवर ओवी. तिने त्यांना पाहिलं आणि दोन्ही हात पसरले.

"आत या, आजोबा."

"मी हितंच बरा. मीच दिलंय तिला."

"तुम्हाला ठाऊक असतं तर दिलं असतंत का?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"आता तुमच्याकडून तिला धोका नाही. रिपोर्ट माझ्यासमोर आहे. आणि ती तुमच्यावाचून औषध घेत नाही, जेवत नाही. घ्या तिला."

म्हातारा उंबऱ्यातच घुटमळला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "तुमी हितं उभ्या ऱ्हाता का मॅडम? मी घेतो तवर?"

मी खुर्चीतून उठले आणि त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. त्यांनी टॉवेल खांद्यावर टाकला, हात धोतराला पुसले आणि ओवीला उचललं. ओवीने त्यांच्या मानेला मिठी मारली आणि मग टोपी काढून खाली फेकली. म्हातारा रडत होता. मलाही आवरलं नाही. बाहेर ओपीडी तुंबली होती, तुंबू दिली.

त्या दिवसाची गोळी सुप्रियाने तिथेच वाटीत विरघळवली. आजोबांनी चमचा पुढे केला. ओवीने तोंड वाकडं केलं, त्यांच्याकडे रागाने पाहिलं आणि गिळली. पुढचे सगळे महिने असंच चाललं. कोर्स पूर्ण झाला तेव्हा दोघांचा ताप, खोकला गेलेला होता आणि ओवीचे गाल वर आले होते.

तेव्हापासून "घरात कुणाला खोकला आहे का" एवढ्यावर मी थांबत नाही. बाळ दिवसभर कुणाकडे असतं ते विचारते, आणि त्या माणसाला माझ्यासमोर बसवते. लहान मुलाला टीबी बहुतेक वेळा त्याच्याकडून लागतो, जो त्याला सगळ्यात जास्त कडेवर घेतो. त्या माणसाला घराबाहेर काढून भागत नाही. त्याला बरं करून लवकर परत आणावं लागतं, नाहीतर मुलाला गोळी कोण देणार?