चढासाठी सुधारलेली गाडी

तापलेल्या रबराचा आणि उकळून सांडलेल्या पाण्याचा वास मला अजून येतो. त्या वासाला रडण्याची साथ नाही. रडणे आधीच थांबले होते. धारणीहून अमरावतीच्या दवाखान्याकडे निघालेली आमची लहानगी मोटार घाटातल्या एका वळणावर बंद पडली आणि काही महिन्यांची आमची मुलगी तिथेच माझ्या मांडीवर गेली.

पुढचा सारा उन्हाळा यजमानांनी एकाच विचारात काढला: गाडीला चढासाठी जोर कसा आणावा. घरात मुलीचे नाव निघत नसे, कार्बोरेटरचे निघे. मी जेवण वाढत असे. वरणाला चव नसे, एवढेच आठवते.

अकोल्यात, माझ्या माहेरगावी, दोन वाटा होत्या. मोटारींच्या दुकानातले गृहस्थ कंपनीने मान्य केलेला मोठा कार्बोरेटर आणि त्याच्या जोडीचे इंजिनाचे हेड मुंबईहून मागवून देणार होते. इंजिनाची हमी शाबूत राही, मात्र दिवाळीपर्यंत थांबावे लागे. "बाहेरच्या मिस्त्र्याचा हात लागला की हमी संपली, साहेब," ते म्हणाले.

तो बाहेरचा मिस्त्री पातूरच्या रस्त्यावर बसे. जुनेच हेड घासून इंजिनाचा दाब वाढवी आणि लष्कराच्या मोडीतल्या जीपचा कार्बोरेटर जोडून देई.

"वहिनी, कंपनीचं सामान म्हनजे जावई," तो मला म्हणाला. "येईन तवा येईन, आन् आल्यावर मान मांगून राह्यते. आमचं म्हनजे घरचं पोट्टं. हाक मारली का पयते."

यजमान बोनेटखाली आणखी वाकले. "किती दिवस धावेल?"

"खोटं कायले सांगू, साहेब? इंजिन लवकर झिजन. पन चढावर दम नाई टाकनार."

यजमानांनी माझ्याकडे पाहिले. "तू सांग."

"जे आधी होईल ते," मी म्हणाले. तो माझाच आवाज होता.

जीपच्या कार्बोरेटरचे तोंड मोठे. आमच्याकडे हंगामात कापसाच्या बैलबंड्यांमागे रस्ताभर रुई उडते आणि अशा तोंडात जाऊन बसते. म्हणून वऱ्हाडातले मिस्त्री त्यावर जुन्या लुगड्याचा तुकडा बांधत. "नवं नोको," तो म्हणाला, "धुऊ धुऊ इरलेलं आना."

आम्ही माहेरीच उतरलो होतो. बाळंतपणही तिथेच झाले होते. मी ट्रंक उघडली. वर आईचे लुगडे होते, खाली दुपटी. वरचे घेतले. खालची हलवली नाहीत. कापड फाटतानाचा आवाज लांब आणि कोरडा होता.

धारणीला परतल्यावर गाडीचा जोर पाहायला आम्ही पुन्हा अमरावतीच्या वाटेला लागलो. तोच घाट आला. गाडी चढू लागली. आवाज घट्ट, खालच्या पट्टीतला, कुठेही न तुटणारा. सागाची वाळकी पाने चाकांखाली चुरडत होती. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदाच यजमानांचे खांदे सैल झालेले मी पाहिले.

मग ते वळण समोर आले. या वेगाने ते चार श्वासांत मागे पडणार होते. सबंध उन्हाळा आम्ही त्याचसाठी खर्ची घातला होता. मला काहीच वाटत नव्हते. फक्त माझा हात दाराच्या मुठीवर होता. तो तिथे कधी गेला, ठाऊक नाही.

यजमानांनी वेग उतरवला. इंजिन कुरकुरलेसुद्धा नाही. रस्त्यावरची नजर न काढता त्यांनी मला विचारले,

"थांबू?"