गंजीमास्तरांचा नकाशा

रस्त्यात कुणाही हुतुतू खेळणाऱ्याला अडवून "थांब रे, छाती दाखव," म्हणणारा भूगोलाचा शिक्षक मी एकच पाहिला. लालबागच्या आमच्या शाळेत त्यांना सगळे गंजीमास्तर म्हणत. गिरणगावातल्या प्रत्येक संघाच्या गंजीवर आपापल्या मुलखाची खूण असे. "आधी गंजी वाचा, मग पुस्तक उघडा," हे त्यांचं पालुपद.

मी चित्रकलेचा नवखा शिक्षक. गंज्यांवरचे छाप मीच रंगवायचो. साताऱ्याकडच्या गिरणी कामगारांच्या संघासाठी मी नांगर काढला आणि त्याला दोन बैल जोडले. मास्तर ओरडलेच, "पेंटर, काळ्या रानात दोनच बैल? मरतील रे बिचारे! निदान तीन जोड्या जुंप!"

वर्गात तर नुसती धमाल. मालवणी संघाची गलबत काढलेली गंजी ते फळ्यावर टांगत.

"शीड कुठं फुगलंय?"

"किनाऱ्याकडं, सर!"

"मग वारा कुठून?"

"दर्यावरून!" अख्खा वर्ग गरजे.

परळच्या एका चाळीतल्या संघानं तेव्हा नुकतंच पिंपळाचं पान घेतलं होतं. कुणीतरी फिदीफिदी हसलं, "पान हा कुठला मुलूख?" त्या चाळीतला मुलगा ताडकन उठला. "आम्ही बुद्धाचे झालो, सर. आता हीच आमची खूण." मास्तरांनी त्याच्या हाती खडू दिला. "ये, आज तू शिकव," म्हणाले आणि स्वतः बाकावर जाऊन बसले.

संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते ते. साऱ्या खुणा जागच्या जागी मांडून मास्तरांनी माझ्याकडून भिंतभर कापडी नकाशा करून घेतला. त्यात सीमा नव्हती. मलाच राहवलं नाही. एका दुपारी मी सगळ्या खुणांभोवती, मुंबईसकट, जाडजूड लाल रेघ ओढली. मास्तरांना ती दाखवणार, तोच शाळा तपासनीस वर्गात आले.

"हे राज्य कुठं आहे? ही रेघ कुणाची?"

माझी नोकरी अजून कायम व्हायची होती. मी खाली पाहिलं. माझ्या बोटांना लाल रंग होता. मास्तरांनी तो पाहिला.

"माझी," ते म्हणाले. "जरा फिकी झालीय, एवढीच चूक."

आठवड्याच्या आत त्यांना शाळेतून काढलं. ते करी रोडला चाळीच्या गॅलरीत मुलांना शिकवू लागले. मी त्या रस्त्यानं जायचं सोडलं.

पुढे राज्य झालं. शाळेनं तोच नकाशा सभागृहात लावला आणि विचारलं, रेघ कुणाची? तेव्हा मात्र मी ताठ मानेनं म्हणालो, "माझी." मास्तरांचं नाव घेतलं नाही. टाळ्या पडल्या, शाल मिळाली.

मास्तर शेवटच्या रांगेत होते. सर्वांत आधी टाळी त्यांनीच वाजवली होती. कार्यक्रमानंतर नकाशापाशी आले, नांगराचे बैल बोटानं मोजले आणि खूश होऊन माझ्या पाठीवर थाप मारली.

"सहाच्या सहा आहेत, पेंटर. आता मरायचे नाहीत."

ते गेले, त्यालाही आता पुष्कळ वर्षं झाली. नकाशा अजून तिथंच आहे आणि खाली माझं एकट्याचं नाव आहे. परवा मी शाळेत जाऊन ब्रश मागितला. माझ्या नावाच्या वर त्यांचं नाव लिहिलं. लाल रंगात.