सीताबाईचा अंगठा

गंगू विधानसभेला उभी राहतेय म्हटल्यावर भिवंडीजवळच्या पूर्णा गावातल्या गोदामात तिच्या ओळीतल्या बायका पोट धरून हसल्या. हसणारच हो! दिवसभर खोक्यांना चिकटपट्ट्या लावणारी बाई, पायात झिजलेली चप्पल, आणि म्हणे आमदार. "आमदारीणबाई, निवडून आल्यावर आम्हाला ओळख द्या हां," सुपरवायझर विशालनंही टपली मारली. गंगू हसली नाही, रागावलीही नाही. शिफ्ट संपल्यावर तिनं सुट्टीचा अर्ज तेवढा दिला.

तिचा पाडा वज्रेश्वरीच्या पलीकडं, डोंगरात. चाळीसेक घरं. तिथनं डांबरी रस्ता गाठायचा तर दीड तास चालायचं, मधे एक ओढा. गंगू आश्रमशाळेत सातवीपर्यंत शिकली, म्हणून पाड्यातला प्रत्येक कागद तिच्याकडंच वाचायला यायचा. घरात नवरा वाघ्या, थोडीशी भातशेती, आणि एकच लेक, रोशनी.

दोन वर्षांपूर्वी श्रावणात रोशनी बाळंतपणाला माहेरी आली. मूल आडवं होतं. पाड्यातली निम्मी पोरं सीताबाईच्या हातावर जन्मलेली, पण त्या दिवशी म्हातारीनं पोटाला हात लावला आणि मागे घेतला. "हे माझ्या हातातलं न्हाय. हिला दवाखान्यात न्या." चौघांनी बांबूला चादर बांधून डोली केली. ओढ्याला छातीभर पाणी होतं. पाणी उतरायची वाट बघत काठावर बसले, आणि तिथंच, आईच्या मांडीवर, रोशनी गेली. पोटातलं बाळही गेलं. गंगू महिनाभर कुणाशी बोललीच नाही.

बोलायला लागली ती थेट कचेऱ्यांमध्ये. एका ठिकाणी सांगितलं, जागा वनखात्याची आहे. वनखात्यानं सांगितलं, प्रस्ताव वर पाठवलाय. वर म्हणजे कुठं, ते कुणालाच माहीत नव्हतं! शेवटी एका पुढाऱ्याच्या दारात ती दोन तास उभी राहिली. त्यानं गाडीत बसता बसता विचारलं, "मतं किती तुमच्या पाड्यात?"

"दीडशे."

तो हसला आणि काच वर केली. गंगूच्या काळजात ते हसू रुतलं. त्याच दिवशी तिनं ठरवलं, आता दुसऱ्याच्या दारात जायचं नाही, आपणच उभं राहायचं.

मोठ्यांच्या जाहीरनाम्यात काय नसतं सांगा! गंगूच्या कागदावर एकच ओळ होती : पाड्याला गाडी येईल असा रस्ता, ओढ्यावर पूल. वाघ्याचा पुतण्या राकेश म्हणाला, "काकी, एवढंच बरं दिसत न्हाय. अजून चार गोष्टी लिही." तेव्हा तिनं नाइलाजानं नळाचं पाणी आणि शाळेला मास्तर लिहिलं. मग म्हणाली, "पन रस्ता वर ऱ्हाऊ दे."

अपक्ष उमेदवाराला दहा प्रस्तावक लागतात. अर्जावर त्यांच्या सह्या किंवा अंगठे. पाड्यात कोण नाही म्हणणार होतं? पण सीताबाई अडून बसली. "पैला आंगठा माझा. रोशनीला मी सोडवू शकले न्हाय. येवढं तरी करू दे." नव्वदीची म्हातारी, पायांनी अधू. तिला कशाला डोंगर उतरवायचा, म्हणून गंगूनं माया करून घरीच, तिच्या खाटेवर, तिचा अंगठा उठवून घेतला. माया केली, तिथंच घात झाला.

भातकापणी सोडून कुणाला निघता येईना, म्हणून अर्जाचा शेवटचा दिवस उजाडला. बाकीचे नऊ जण टेम्पोत बसून गंगूबरोबर भिवंडीला आले, वाघ्या त्यातलाच. निवडणूक कचेरीतल्या साहेबानं अर्ज नीट वाचला. माणूस वाईट नव्हता. "बाई, अंगठा आमच्यासमोर लावावा लागतो. घरी लावलेला चालत नाही. तीनच्या आत ह्या सीताबाईंना घेऊन या, नाहीतर दुसरा मतदार आणा."

पावणेबारा वाजले होते. गंगू बाहेर धावली. रस्त्यावरच्या माणसांची नावं भिवंडी शहराच्या यादीत, आणि गंगूचा मतदारसंघ ग्रामीण, म्हणून ती चालत नव्हती. अंजूर गावचा, तिच्याच मतदारसंघातला एक मतदार भेटला, पण तो दुसऱ्या उमेदवाराच्या मिरवणुकीतून आलेला. "माफ करा ताई, मला गावात राहायचंय," म्हणून त्यानं मान खाली घातली. टेम्पो परत पाठवावा, तर तो डांबरी रस्त्याच्या पुढं जाणार कसा? गंगूनं राकेशला फोन लावला. तो चौथ्या खेपेला लागला. त्याचं आणि त्याच्या बरोबरीच्या पोरांचं नाव अजून यादीत नव्हतं, आणि मोठी माणसं डोंगरापल्याड कापणीला गेलेली.

"आज्जीला आन रं. कशीबी आन!"

राकेशनं शेतातली पोरं गोळा केली, डोली बांधली आणि ती धावत सुटली. ओढ्याला गुडघाभर पाणी होतं, तो ओलांडला. डांबरीवर जीप मिळाली. मग गोदामांचे कंटेनर रस्त्यात आडवे लागलेले, दोन्ही बाजूंनी हॉर्न. तीन वाजता कचेरीचं दार लागलं. जीप आली तेव्हा तीन वाजून पंचवीस मिनिटं झाली होती.

राकेशनं म्हातारीला पाठुंगळी घेऊन उतरवलं. घामानं थबथबलेली, पण नवं लुगडं नेसून आली होती. तिनं अंगठा पुढं केला. "कुठं लावू, गंगे?"

नऊ जण उभे होते. गंगूनं बाहेरच्या टायपिंगवाल्याकडनं शाईचं पॅड मागून आणलं आणि त्याच अर्जावर म्हातारीचा अंगठा परत एकदा उठवला.

"झालं का गं?"

"झालं, आज्जी."

जन्मात कुणाला खोटं न सांगितलेली बाई! पण त्या घडीला तिला दुसरं काही सुचलंच नाही. पाड्यात सगळ्यांना कळलं, सीताबाईला कुणी सांगितलं नाही. ती आल्यागेल्याला सांगत राहिली, "माझ्या आंगठ्यावर उभी हाय गंगू."

मतदानाच्या दिवशी सकाळीच तिनं निरोप धाडला. गंगू गेली तर म्हातारी तेच लुगडं नेसून उंबऱ्यात बसलेली, मतदानाची चिठ्ठी मुठीत. "चौघांना हाळी दे. मला न्या. तुला मत द्यायचंय."

आता कुठवर लपवणार? गंगू तिच्या पुढ्यात बसली. "आज्जी, माझं नाव न्हाय त्या मशीनवर. अर्ज घेतलाच न्हाय. तुला यायला उशीर झाला."

सीताबाई आपल्या अंगठ्याकडं बघत राहिली. "म्हंजी रोशनीच्या टायमालाबी मीच, आन आताबी मीच?"

गंगूनं तिचे दोन्ही हात आपल्या हातात घट्ट धरले. "न्हाय गं आज्जी. दोन्ही येळंला वाट नव्हती."

आणि रोशनी गेल्यापासून पहिल्यांदा गंगू मोठ्यानं रडली.