उस्मानभाईंच्या दाखल्यावरचं कारण

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, बायकोला नाही. आणि ज्या सभांमध्ये मी घसा फोडून ओरडतो, तिथे तर नाहीच. आखातातून परतलेल्या कामगारांची आमची एक छोटी संघटना आहे, तिची पत्रकं मी लिहितो. तुम्ही त्यातलं एखादं वाचलं असेल. ‘हृदय बंद पडून नैसर्गिक मृत्यू — कुणाचं हृदय मेल्यावर चालू राहतं?’ ही ओळ माझी आहे. टाळ्या पडतात तिला. प्रत्येक टाळीला मला काय होतं, ते आज सांगतो.

आधी राग सांगतो. तो मला सोपा जातो.

सौदीत परदेशी कामगार मेला, की त्याच्या मृत्यूचा दाखला त्याच्या बायकोला सरळ मिळत नाही. तो काढायला कफील लागतो, म्हणजे ज्याच्या नावावर तो माणूस तिथे आला तो मालक. मालकाने हॉस्पिटलचा अहवाल आणायचा, मालकाने पोलिसांचं पत्र आणायचं, मालकाच्या माणसाने दूतावासाची ना-हरकत घेऊन सरकारी खिडकीवर उभं राहायचं. विचार करा जरा. माणूस ज्याच्या कामावर मेला, तो कशाने मेला हे लिहून आणायचं काम त्याच्याचकडे! कोंबड्यांचा हिशेब कोल्ह्याला विचारायचा. आणि रत्नागिरीत बसलेल्या बाईने फोनवर एक मुखत्यारपत्र पाठवायचं, ज्यातली अरबी तिला वाचता येत नाही. मग एक दिवस दाखला येतो. त्यावर कारण असतं — नैसर्गिक.

हे सगळं खरं आहे. मी छापलंय, पुन्हा छापीन. पण असा एक दाखला काढायला मी स्वतः खिडकीवर उभा होतो.

जुबैलला मी एका ठेकेदार कंपनीत टाइमकीपर होतो. हजेरी घ्यायची, कोण कुठल्या साइटवर आहे ते बघायचं. अरबी बरी बोलायचो, म्हणून कंपनीच्या मंदूबबरोबर माझी कायम फरफट — मंदूब म्हणजे सरकारी कचेऱ्यांची कामं करणारा कंपनीचा माणूस. सौदीकरणाची वर्षं होती ती. ज्या कंपनीत पुरेसे सौदी नाहीत ती लाल पट्ट्यात, आणि लाल पट्ट्यातल्या कंपनीला आमचे इकामे, राहण्याचे परवाने, वाढवून मिळत नव्हते. माझ्या खुर्चीवर एका सौदी पोराचं नाव लागलेलं होतं. पोरावर माझा राग नव्हता, आजही नाही. त्यालाही कंपनीने आकडा भरायला नाव घालून घरीच बसवलं होतं. नाव त्याचं, काम माझं. आणि मला ठेवायचं की विमानात बसवायचं, ते मंदूबच्या मर्जीवर.

बघा, मी कसा बोलतोय. कारणं सांगायला लागलो ना? ती कारणं नव्हेत. तिथे आणखीही माणसं त्याच भीतीत होती. सगळेच खोटं बोलले नाहीत.

उस्मानभाई आमच्या शेजारच्या गावचे. परांचीवर, म्हणजे नळ्यांच्या उंच सांगाड्यावर, काम करायचे. तोंडाने फाटके, मनाने मोठे. मी नवीन होतो तेव्हा मला म्हणाले होते, ‘‘टाइमकीपर, तू आमची हजेरी घे, तुझी आम्ही घेतो. जेवलास की नाही रोज विचारीन.’’ आणि विचारायचेही.

उन्हाळ्यात दुपारच्या वेळी उघड्यावर काम घ्यायचं नाही, असा कायदा आहे तिथे. पण प्लांट दुरुस्तीसाठी बंद ठेवला होता आणि काम मागे पडलं होतं. फोरमन म्हणाला, यल्ला, चला, चढा. कुणी चढले, कुणी कुरकुरत चढले. उस्मानभाई कुरकुरले आणि सगळ्यांत वर चढले. खाली उतरले ते माणसांच्या हातांवर.

पिकअपच्या मागच्या भागात त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. अंग तव्यासारखं. घाम नाही. पाणी ओतलं तर ते डोळेही मिटेनात. पुढे मंदूब बसला होता. त्याने मान वळवली आणि मोडक्या हिंदीत म्हणाला, ‘‘इरफान, ये कमरे में था. सोया था. समझा? तेरा इकामा मैं देखेगा.’’

मी काय म्हणालो? काहीच नाही. हॉस्पिटल येईपर्यंत मी मनाशी म्हणत होतो, मी अजून काही केलेलं नाही.

पुढचं एवढ्यात सांगत नाही. आधी नंतरचं सांगतो — तेही माझंच आहे.

रुकय्याभाभींना फोन मी केला. उस्मानभाईंची बायको. आधी रडल्या नाहीत. म्हणाल्या, ‘‘इरफान, त्यांना घरी आण. मला एकदा तोंड बघू दे रे. मग पुरा कुठं पण.’’ किती साधी मागणी! पण प्रेत गावी आलं असतं तर कुणीतरी विचारलं असतं, इथल्या डॉक्टरांना दाखवूया का. कंपनीला ते नको होतं. मंदूबने मला समजावलं, आणि मी भाभींना समजावलं. कशाने समजावलं असेल? आपल्या लोकांना ज्याने समजावता येतं, त्यानेच. मी म्हणालो, ‘‘भाभी, पैगंबरांच्या देशातली माती नशिबात असावी लागते. उस्मानभाईंना ती मिळतेय. तुम्ही अडवणार?’’

कोकणातल्या कुठल्या मुसलमान बाईची छाती आहे, यावर ‘होय, अडवणार’ म्हणायची? गावातले मोठे त्यांच्या घरी बसले होते. त्यातला एकजण मागून बोलला ते मला फोनवर ऐकू आलं, ‘‘नशीबवान माणूस! आपल्याला कुठली मिळायला!’’ भाभींनी मुखत्यारपत्रावर सही केली. मी जे खरंच मानतो, तेच मी हत्यारासारखं वापरलं. दफन झालं. मी खांदा दिला. माती दिली. लोकांनी माझी पाठ थोपटली, म्हणाले, परक्या देशात पोराने किती धावपळ केली! खरंच केली. हॉस्पिटल, पोलीस, दूतावास, खिडकी. दाखला हातात आला तेव्हा त्याचं मराठी करून भाभींना फोनवर वाचूनही मीच दाखवलं. हृदय बंद पडून. नैसर्गिक.

आता सांगतो.

हॉस्पिटलचा डॉक्टर सुदानी होता. थकलेला, पण वाईट माणूस नव्हता. उस्मानभाई तोवर गेले होते. त्याने मला विचारलं, हा माणूस कुठे होता? मी म्हणालो, खोलीत. काय करत होता? झोपला होता. छातीत दुखतं म्हणाला, मग बोलला नाही.

डॉक्टरने उस्मानभाईंच्या कपाळावर हात ठेवला. मग त्यांच्या पायांकडे पाहिलं. पायांत कामाचे बूट होते, लोखंडी टोकाचे, नाड्या घट्ट बांधलेले. तो बुटांकडे बघत राहिला. मग माझ्याकडे बघितलं आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला, हळू आवाजात, जणू मला वाट करून देत होता. कुठे होता हा?

मंदूब बाहेर गेला होता. फोनवर होता. खोलीत आम्ही दोघंच — आणि ते. मला कुणी धरलेलं नव्हतं. कुणाची सुरी माझ्या मानेवर नव्हती. एक शब्द पुरला असता. ‘उन्हात.’

मी म्हणालो, खोलीत.

डॉक्टरने लिहून टाकलं.

इकामा मला मिळाला. पुढच्या खेपेला तरीही काढून टाकलं, ते वेगळं. परत आलो, संघटनेत आलो, पत्रकं लिहायला लागलो. आणि कळस ऐका — पहिल्याच पत्रकात मी उस्मानभाईंचा किस्सा घातला. नाव बदलून. ‘कंपनीने बूट घातलेल्या माणसाला झोपलेला ठरवलं’ असं लिहिलं. कंपनीने! वाक्य छान जमलं होतं. कंपनीने डॉक्टरला काहीच सांगितलं नव्हतं. सांगितलं होतं मी.

मी मनाशी म्हणायचो, एका दाखल्याने काय होतं, माणूस तर गेलाच. खोटं आहे. कामावर मेल्याचं लिहिलं असतं तर भाभींचा भरपाईचा हक्क उभा राहिला असता. तो मी मारला. पण त्याहून वाईट मला गेल्या ईदला समजलं. भाभी दरवर्षी मला जेवायला बोलावतात, ‘‘ह्याने माझ्या माणसाला माती दिली’’ म्हणून. या वेळी ताटात तळलेलं काहीच नव्हतं. मासे उकडलेले. मी मस्करीत म्हणालो, ‘‘भाभी, सुरमई तव्याला घाबरली काय?’’

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, ‘‘ते गेल्यापास्नं ह्या घरात मी तळत नाही. शेवटच्या सुट्टीला आले तेव्हा रोज तळून घातलं. त्यांना आवडायचं ना. आत आजार होता, मला दिसला नाही. माझ्या हातचंच भोवलं त्यांना.’’

इतकी वर्षं. इतकी वर्षं ही बाई आपल्या नवऱ्याचा जीव आपल्या तव्याला लावून बसली आहे, आणि मी तिच्या घरी दरसाल जेवतोय. त्या दिवशीही मी मासे खाल्ले. हात धुतले. चांगलं झालंय म्हणालो.

आमच्या प्रत्येक पत्रकाची एक प्रत भाभींच्या घरी जाते. त्या मराठी शाळेत शिकल्या आहेत, सगळं वाचतात. हेही पत्रकातच छापतोय, तेही वाचतील. म्हणून उस्मानभाईंचं नाव या वेळी मी बदललेलं नाही, आणि माझंही नाही. कुठल्या अधिकाऱ्याने विचारलं तर त्याच्यासमोरही हेच सांगेन.

भाभी, दाखल्यावरचं कारण खोटं आहे. ते मी लिहायला लावलं. उस्मानभाई कामावर होते, भर दुपारी, सगळ्यांत वरच्या फळीवर. त्यांना उन्हाने मारलं. त्यांना कसलाही आजार असल्याचं कुणीही कधी तपासून सांगितलेलं नाही. तुमच्या हातचं खाऊन त्यांना काहीही झालं नव्हतं.